ठिबक : ब्राउझरमध्ये खेळायचा जुन्या वळणाचा एलसीडी गेम

तिसरा मजला

मंडळी, एक छोटा गेम केलाय. नाव ‘ठिबक’. ब्राउझरमध्ये उघडायचा आणि खेळायचा, इन्स्टॉल वगैरे काही नाही. लिंक माझ्या प्रोफाइलवर आहे.

ठाण्यात नौपाड्यातल्या जुन्या बिल्डिंगचा वरचा मजला पावसाळ्यात काय असतो हे ज्यांना ठाऊक आहे, त्यांना खेळ समजावून सांगायला नको. बाकीच्यांसाठी: स्लॅब चार ठिकाणी गळतोय. खाली बनियन-लेंग्यातले काका बादली घेऊन उभे. थेंब पडायच्या आत बादली त्याच्याखाली न्यायची. दहा थेंबांत बादली भरते, मग डावीकडच्या मोरीत ओतून यायचं. थेंब फरशीवर पडला, किंवा भरलेल्या बादलीत पडून सांडला, की खालच्या मजल्यावरचे शेजारी जिन्याची एक पायरी वर चढतात. तिसऱ्या पायरीवर पोचले की बेल वाजते आणि खेळ खल्लास.

हल्ली कशालाही ‘रेट्रो’ म्हटलं की ठोकळ्याठोकळ्यांची चित्रं आणि जुन्या टीव्हीच्या आडव्या रेघा येतात. मला ते नको होतं. हातात मावणाऱ्या खेळांची एक वेगळीच जात होती, कॅल्क्युलेटरच्या काचेवर चालणारी. निन्टेन्डोचा ‘गेम अँड वॉच’ १९८० मध्ये आला, पहिला खेळ ‘बॉल’. करणारे गुनपेई योकोई. बुलेट ट्रेनमध्ये कंटाळलेला एक माणूस कॅल्क्युलेटरची बटणं दाबत बसलेला पाहून त्यांना हे सुचलं, असं सांगतात. त्या काचेवर पिक्सेल नव्हतेच. आठाच्या आकड्याच्या सात काड्या आधीच कोरलेल्या असतात आणि लागतील तेवढ्याच काळ्या होतात, तसा तिथे अख्खा माणूस कोरलेला. डावीकडचा वेगळा, उजवीकडचा वेगळा. माणूस चालत नाही. एक पुसला जातो, दुसरा उमटतो.

‘ठिबक’मध्ये अशा एकूण ६१ आकृत्या आहेत. काका ५ जागी, थेंबांची घरं २०, फरशीवरचे शिंतोडे ४, जिन्यावरचे शेजारी ३, बेल १, बादलीची पातळी ५, आकड्यांच्या काड्या २१ आणि ‘गेम ए’, ‘गेम बी’ ही दोन लेबलं. प्रत्येक आकृती एसव्हीजीतला (वेब पानावरच्या रेखाचित्रातला) एक तुकडा आहे आणि प्रोग्राम फक्त कुठला तुकडा दिसणार आणि कुठला नाही एवढंच ठरवतो. जागा बदलणं, फिरवणं, लहानमोठं करणं, काहीही नाही. खरी काच बनून आल्यावर तिच्यात नवी आकृती घालता येत नव्हती, म्हणून बासष्टावी मीही घालणार नाही.

खेळून बघा, शिव्या इथेच द्या.

प्लॅटफॉर्म दहा

ट्रान्सहार्बरला (ठाण्याहून नवी मुंबईत जाणाऱ्या लोकलला) चढल्या चढल्या उघडला. उतरायचं होतं रबाळ्याला, डोकं वर केलं तर घणसोली. भरपाई कोण देणार?

एक विनंती. उभ्याने प्रवास करताना एक हात वरच्या कडीला असतो. डाव्या बटणासाठी डावा अंगठा आणि उजव्यासाठी उजवा, हे जमत नाही. दोन्ही बटणं एका बाजूला देता येतील का?

राजसी

मस्त! शेजाऱ्यांच्या डोक्यावरचे उभे राहिलेले केस बघून खूप हसले. लेकाने (इयत्ता चौथी) पहिला प्रश्न विचारला, “आई, यात लेव्हल टू कधी येते?”

आमच्याकडे तो पेन्सिल सेलवर चालणारा ब्रिक गेम होता. वर ‘९९९९ इन वन’ छापलेलं, आत खरे खेळ मोजकेच. जांभळी नाक्यावरून बाबांनी आणला होता. तोही याच जातीतला ना?

तिसरा मजला

@प्लॅटफॉर्म दहा, करतो. सोपं आहे.

@राजसी, काच तीच, पण जात निराळी. ब्रिक गेममध्ये दहा बाय वीसचे एकसारखे चौकोन असायचे. त्या दोनशे चौकोनांतून गाडी करा, साप करा, विटा करा. म्हणून तर एका डबड्यात इतके खेळ बसायचे. गेम अँड वॉचच्या काचेवर अंडं हे अंडंच, दुसरं काही होऊ शकत नाही. एक डबा, एक खेळ. फार तर त्याचाच एक अवघड प्रकार, गेम बी.

लेव्हल टू नाही म्हणावं. पाऊस वाढतो फक्त.

ऐरोलीकर

मी यूआयमध्ये (अ‍ॅपच्या पडद्यांच्या डिझाइनमध्ये) काम करते, त्यामुळे जरा स्पष्ट बोलते, राग मानू नका. काकांचं चित्र सुंदर आहे. लेंग्याची नाडी लोंबतेय, तीही दिसते. पण हालचाल फारच तुटक वाटते. काका एका जागेवरून गायब होऊन दुसऱ्या जागी उगवतात, थेंब टप्प्याटप्प्याने खाली येतो. आजचे फोन सेकंदाला ६० ते १२० फ्रेम सहज दाखवतात. काका सरकत गेले आणि थेंब सलग पडला तर खेळ तोच राहील आणि दिसेल कितीतरी छान. मधल्या जागा भरणं सीएसएसमध्ये (वेब पानाचं रूप ठरवणाऱ्या भाषेत) दोन ओळींचं काम आहे.

तिसरा मजला

राग कसला, पण खेळ तोच राहणार नाही.

थेंबाला वरून खालपर्यंत पाच घरं आहेत. तो तिसऱ्या घरात असेल तर पडायला त्या धारेचे अजून तीन ठोके आहेत, हे बघताक्षणी कळतं. अंदाज बांधावा लागत नाही, मोजता येतं. चारही धारांकडे एकदा नजर टाकली की पुढचे आठ-दहा ठोके डोक्यात मांडता येतात आणि हात नंतर चालतो. थेंब सलग पडू लागला की तो ‘साधारण मध्ये कुठेतरी’ असतो. मग मोजणं संपलं, नुसती चपळाई उरली. चपळाईचे खेळ ढिगाने आहेत.

दुसरं, काका मध्ये नसतातच. १ नंबरखाली असतील नाहीतर २ नंबरखाली. बादली थेंबाला ‘जरा लागली’ की नाही यावर वाद घालायला जागाच नाही. माझ्या प्रोग्राममध्ये टक्कर तपासणारी एकही ओळ नाही. फक्त ‘थेंब पडला त्या ठोक्याला काका त्या नंबरवर होते का’ एवढा एक प्रश्न आहे.

वाचनमात्र

एरवी लिहीत नाही. तिसरा मजला यांना पूर्ण अनुमोदन, आणि आता परत वाचनमात्र.

सोल्डर

घड्याळं, कॅल्क्युलेटर आणि हे असले खेळ दुरुस्त करण्यात उमेदीची बरीच वर्षं गेली. गेम बघितला. पडद्यामागची ती फिकट सावली घातलीये ना, ती बघून बरं वाटलं. बऱ्याच जणांना ती सावली कशाची हेच माहीत नसतं, म्हणून थोडं सांगतो.

दोन काचांच्या मध्ये लिक्विड क्रिस्टलचा अगदी पातळ थर असतो. त्यातले रेणू एका काचेपासून दुसऱ्या काचेपर्यंत ९० अंशांनी वळत गेलेले असतात आणि सोबत प्रकाशालाही वळवतात. दोन्ही बाजूंना पोलरायझरची (एकाच दिशेच्या लहरींचा प्रकाश जाऊ देणारी) फिल्म, एक उभी तर एक आडवी. वळलेला प्रकाश दोन्हींतून पार होतो, मागच्या चंदेरी पत्र्यावर आपटून परत येतो, म्हणून काच उजळ दिसते. आकृतीला व्होल्टेज दिलं की रेणू सरळ होतात, प्रकाश वळत नाही, पुढची फिल्म त्याला अडवते आणि आकृती काळी दिसते. आता चंदेरी पत्रा काचेच्या थोडा मागे असतो. त्यामुळे काळ्या आकृतीची सावली त्याच्यावर पडते, किंचित बाजूला. तीच ही. काचेला स्वतःचा उजेड नसतो, त्यामुळे पांघरुणात शिरून खेळता यायचं नाही हेही सांगून ठेवतो.

आणि रंग! तुमच्या गेममध्ये मोरी, जिना, भिंत रंगीत आहे आणि काका, थेंब काळे. बरोबर आहे. रंग काचेवर छापलेला असायचा, तो हलणारच नाही.

एक सुधारणा सुचवतो. विझणारी आकृती तुम्ही एकदम पुसताय. खरी काच आळशी असते. रेणूंना परत वळायला वेळ लागतो, म्हणून जुनी जागा हळूहळू पुसट होत जाते. थंडीत तर जास्तच. उमटणं झटक्यात आणि विझणं रेंगाळत, असं करून बघा. आणि जी आकृती बंद आहे तीही पूर्ण अदृश्य ठेवू नका. काच तिरकी धरली की सगळीच्या सगळी भुतं एकदम दिसायची.

तिसरा मजला

@सोल्डर काका, दंडवत. दोन्ही केलं. विझायला आता साधारण दीडशे मिलिसेकंद लागतात आणि बंद आकृत्यांना चार टक्के रंग ठेवलाय. ऐरोलीकर, तुमच्या त्या सीएसएसच्या दोन ओळी शेवटी वापरल्याच की. फक्त सरकण्यासाठी नाही, विझण्यासाठी.

भुतं दिसू लागल्यावर नव्या माणसाला खेळ शिकवायचीही गरज उरली नाही. काका कुठे कुठे जाऊ शकतात, थेंब कुठून कुठे येणार, शेजारी किती पायऱ्या चढणार, सगळं पहिल्या नजरेत अंधुक दिसतंच.

सिव्हिलवाला

खेळ राहू दे बाजूला. तुमचा स्लॅब चार ठिकाणी एकाच वेगाने गळतोय हे तांत्रिकदृष्ट्या अशक्य आहे. :)

टेरेसचा उतार आणि पाणी निघायच्या पायपाचं तोंड बघा. पायपाच्या तोंडाशी कोबा (टेरेसवरचा पाणी अडवणारा थर) फुटलेला असला तर ती गळती पाऊस थांबल्यावरही चालू राहते, कारण कोब्यात मुरलेलं पाणी हळूहळू उतरत असतं. भिंत आणि स्लॅबच्या सांध्यातली गळती मात्र जोराचा पाऊस तिरका आला तरच. हे गेममध्ये आणा.

घोडबंदर

@सिव्हिलवाला, टॉवरमध्ये विसाव्या मजल्यावर राहतो, वर अजून दहा मजले आहेत, तरी बेडरूमच्या कोपऱ्यात ओल आहे. याचं काय?

सिव्हिलवाला

बाहेरच्या भिंतीची भेग नाहीतर वरच्यांच्या बाथरूमचा सांधा. वरच्यांना काही दिवस ते बाथरूम वापरू नका म्हणावं आणि ओल मोजा.

घोडबंदर

वरचे म्हणतात आमच्याकडे काही नाही. आमच्या सोसायटीत सगळेच असं म्हणतात.

राजसी

धागा गळतोय. :D

खाडीपलीकडे

नेरुळहून हजेरी. ९९९ नंतर काय होतं?

विचारायचं कारण असं. सोव्हिएत रशियात ‘इलेक्ट्रोनिका’ नावाने याच जातीचा एक खेळ निघायचा. लांडगा, चार कोंबड्या, घरंगळत येणारी अंडी. निन्टेन्डोच्या ‘एग’ची सरळ नक्कल. तिथल्या पोरांत पक्की समजूत होती की हजार गुण झाले की त्या इवल्याशा पडद्यावर कार्टून सुरू होतं. प्रत्येकाच्या ओळखीतल्या कुणीतरी ते पाहिलेलं असायचं. खरं तर आकडा नुसता शून्यावर यायचा. कार्टून दाखवायला त्या काचेवर जागा कुठली? पण पोरं त्या नादात खेळत राहिली.

तिसरा मजला

शून्यच. तीनच आकडे आहेत, हजार लिहायला काडी नाही.

एक मात्र जुन्या खेळांकडून घेतलंय. त्यातल्या बऱ्याच खेळांत २०० आणि ५०० गुणांना आधीच्या चुका माफ व्हायच्या. इथे २०० ला शेजारी सगळ्या पायऱ्या उतरून घरी जातात. ५०० ला पुन्हा.

प्लॅटफॉर्म दहा

आवाज येत नाहीये. आयफोन आहे.

तिसरा मजला

बाजूचा सायलेंटचा खटका बघा. फोन सायलेंटवर असला तर ब्राउझरमधला हा आवाजही बंद राहतो. शिवाय पहिला स्पर्श होईपर्यंत बहुतेक ब्राउझर आवाज काढू देत नाहीत, म्हणून सुरुवातीला ‘पडदा दाबा’ अशी पाटी ठेवलीये.

आवाजाची फाईल नाहीच. ब्राउझरलाच चौकोनी लहर काढायला सांगतो, चाळीसेक मिलिसेकंद. जुन्या डबड्यात पिझोची (वीज दिली की थरथरणारी) चकती असायची, तिला गोड बोलता येत नाही. प्रत्येक ठोक्याला बारीक ‘टिक’, थेंब बादलीत पडला की जरा वरचा सूर, फरशीवर पडला की खालचा घरघरता. चार धारांच्या ‘टिक’चा सूर किंचित वेगळा ठेवलाय. थोडं खेळल्यावर न बघताही कळतं कुठली धार हलली.

सोल्डर

त्या ‘टिक’वरून आठवलं. हे खेळ घड्याळच होते हो मुळात. नावातच वॉच आहे. आत ३२,७६८ हर्ट्झचा क्वार्ट्झ, मनगटी घड्याळात असतो तोच. २ चा १५ वा घात. पंधरा वेळा निम्मा केला की बरोबर सेकंदाला एक ठोका मिळतो. त्या काळच्या शार्पच्या चार बिटी चिपा याच क्वार्ट्झवर चालायच्या, खेळही आणि वेळही. एवढ्या संथ चालीमुळेच बटन सेल महिनोन्‌महिने पुरायचे.

बंद पडलेला डबा घरात कुणाकडे असेल आणि आकड्यांच्या काही काड्याच गायब असतील तर फेकू नका. काच आणि बोर्ड यांच्यामध्ये काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांचं एक रबर असतं, झेब्रा म्हणतो आम्ही. ते काढून स्पिरिटने पुसायचं, बोर्डावरच्या सोनेरी पट्ट्याही पुसायच्या, परत बसवून स्क्रू सगळीकडून सारखे आवळायचे. निम्मे डबे तेवढ्यावर चालू होतात. सेलचा हिरवा गंज पसरला असेल तर मात्र वेगळं काम.

वाचनमात्र

परत आलो, राहवलं नाही.

चार धारा एकदम खाली सरकत नाहीत, आळीपाळीने सरकतात हे लक्षात आलं. पहिला ठोका १ नंबरचा, दुसरा २ चा, मग ३, मग ४, पुन्हा १. त्यामुळे दोन थेंब एकाच ठोक्याला कधीच पडत नाहीत. हे छान आहे, प्रत्येक चूक खेळणाऱ्याचीच ठरते. पण यात एक खोट आहे. ४ नंबरचा थेंब झेलला आणि १ नंबरचाही शेवटच्या घरात असेल, तर एका ठोक्यात तीन जागा पळावं लागतं. १ वरून २, २ वरून ३, ३ वरून ४ ला एकच जागा. म्हणजे तीन वेळा आराम आणि चौथ्यांदा मरण.

क्रम १, २, ४, ३ केला तर? १ वरून २ एक जागा, २ वरून ४ दोन, ४ वरून ३ एक, ३ वरून १ दोन. दोनापेक्षा जास्त कधीच नाही. चारांच्या वर्तुळात याहून बरा क्रम निघत नाही. सगळ्या उड्या एकेकच्या ठेवायच्या म्हटलं तर शेवटच्या जागेवरून पहिलीवर परत येणं जमत नाही. कागदावर मांडून बघितलं.

तिसरा मजला

वा! हे मान्य, आणि आजच बदलतो. पण गेम ए पुरतं. गेम बी मध्ये १, २, ३, ४ हाच क्रम ठेवणार, ती तीन जागांची धाव हवीच आहे तिथे.

वाचनमात्र

ठीक. मग मोरीबद्दलही. मोरी १ नंबरच्या डावीकडे आहे, म्हणून ४ नंबरखाली उभं असताना बादली भरणं म्हणजे चार पावलं जाणं, एक ठोका ओतणं, चार पावलं येणं. दहा थेंब होईपर्यंत थांबणारे तिथेच मरतात. १ नंबरवर उभे असाल, १ ची धार रिकामी असेल आणि बाकीच्या तिन्हीतला एकही थेंब तिसऱ्या घराखाली नसेल, तर बादली निम्मीच का असेना, ओतून या. बादली भरली म्हणून जायचं नाही, रस्ता मोकळा दिसला की जायचं. हे कळल्यापासून माझी गाडी तीनशेच्या पुढे गेली.

ऐरोलीकर

मी कोड उतरवून घेऊन माझी सरकत्या काकांची आवृत्ती केली. दिसायला ती उजवी आहे, यावर मी ठाम आहे. नवऱ्याला दोन्ही दिल्या, त्याला माझी आवडली. सासूबाईंना मूळची. त्या म्हणाल्या, “तुझ्यातल्या थेंबाकडे बघतच बसावं लागतं.” तिसरा मजला, हरकत नसेल तर इथे लिंक देते, लोकांनीच ठरवावं.

खेळताना एक जाणवलं. फोन आला आणि परत आले तर खेळ जिथे होता तिथेच थांबलेला. हे मुद्दाम?

तिसरा मजला

लिंक द्या की, विचारायचं काय त्यात. सासूबाईंना नमस्कार.

हो, मुद्दाम. टॅब मागे गेला की ब्राउझर टायमर संथ करतो. थेंब अर्धवट वेगाने पडत राहण्यापेक्षा पान झाकलं गेल्याची खबर मिळताच मी ठोकेच बंद करतो. परत आल्यावर तीन ‘टिक’ मोकळे जातात, मग सुरू.

घोडबंदर

नेट नसताना चालेल का? पारसिकच्या बोगद्यात रेंज जाते.

तिसरा मजला

एकदा उघडला की चालतो. एकच एचटीएमएल फाईल आहे, चित्र-आवाज सगळं तिच्यातच. तुमचा सर्वांत मोठा स्कोअर ब्राउझरमध्येच साठवतो, माझ्याकडे काही येत नाही. त्यामुळे सगळ्यांचा मिळून तक्ता करा असं जे व्यनित (खासगी निरोपात) सांगतायत त्यांना इथेच उत्तर: नाही करणार. लॉगिन आलं, सर्व्हर आला, मग कुणीतरी ९९९ खोटे टाकणार आणि मी ते निस्तरत बसणार.

नवी आवृत्ती चढवली आहे. गेम ए मध्ये धारांचा क्रम वाचनमात्र यांचा. सेटिंगमध्ये ‘एका हाताने’ निवडलं की दोन्ही बटणं उजव्या कोपऱ्यात येतात, डावखुऱ्यांसाठी डाव्या. सिव्हिलवाला, गेम बी मध्ये आता अधूनमधून पाऊस थांबतो, बाकीच्या तीन धारा सुकतात आणि ४ नंबर तेवढी ठिबकत राहते. पायपाचं तोंड तिथेच आहे असं समजा.

सिव्हिलवाला

आता बरोबर. ४ नंबरवर ब्रिकबॅट कोबा नव्याने करून घ्या, दोन पावसाळे बघायला नको.

प्लॅटफॉर्म दहा

एका हाताने झकास चालतोय. २०० झाले, शेजारी निमूट खाली उतरले. २०३ ला पुन्हा पायरीवर हजर. चपला तरी काढल्या होत्या का त्यांनी?